संकरित टोमॅटोचं बी घरी धरलं, झाडं एकसारखी का नाहीत?

प्रश्न (दिंडोरी तालुका) : गेल्या वर्षी संकरित टोमॅटो एकसारखा आला, पिंपळगावला भावही बरा मिळाला. म्हणून त्याच फळांचं बी धरून यंदा रोपं केली. आता एक झाड गुडघ्याला, दुसरं छातीला. फळ कुठं गोल, कुठं लांबट. भेसळ झाली का? आणि कांद्याचं उळं (बी) आम्ही घरचंच वापरतो, ते कसं चालतं?

उत्तर : दादा, भेसळ नाही. बियाणं बिघडलेलं नाही, ते फुटलंय, म्हणजे त्यातले झाकलेले गुण वेगळे होऊन बाहेर आलेत.

संकरित बी म्हणजे दोन शुद्ध वाणांची पहिली पिढी. प्रत्येक गुणाची एक जनुक आईकडून, एक बापाकडून. उंच वाढीची जनुक वरचढ असली की बुटकी वाढ झाकून जाते, म्हणून सगळी भावंडं सारखी दिसतात. पुढच्या पिढीत झाकलेलं वर येतं, साधारण चार झाडांत एकाला. मेंडेलनं वाटाण्यावर हेच मोजून 1866 साली छापलं.

पण हा झाला एका गुणाचा हिशेब. टोमॅटोत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुका वाहणाऱ्या धाग्यांच्या, 12 जोड्या. परागकण तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच उचललं जातं, कुठलं ते नशिबावर. एवढ्यानंच 4096 तऱ्हा होतात! त्याआधी जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना बिलगून तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच. लांब बसलेल्या जनुका त्यात सहज सुटतात, शेजारच्या सहसा सोबत जातात. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला रोखणारी जनुक जंगली टोमॅटोतून आणली, तेव्हा शेजारचे नको ते जंगली गुणही चिकटून आले. ते तोडायला पैदासकारांच्या कित्येक पिढ्या गेल्या. तुमच्या संकरित वाणात ती जनुक एकाच पालकाकडून आली असेल, तर यंदा चारातलं एक झाड तिच्याविना आहे. गाठी दिसल्या तर नवल नाही.

उभं पीक उपटू नका. गोल आणि लांबट वेगळ्या क्रेटमध्ये भरा, मिसळला तर माल पडेल भावात विकावा लागतो. बी मात्र यातलं धरू नका. घरचंच हवं असेल तर सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण घ्या. टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागानं फळ धरतो, त्यामुळे सरळ वाण टिकतो.

कांद्याचं तसं नाही. तिथं मधमाशी शेजारच्या डोंगळ्यांचा (कांद्याच्या फुलांच्या दांड्यांचा) पराग घेऊन येते. लाल आणि पांढरा जवळ असले की उळ्यात मिसळ ठरलेली. प्रमाणित बियाण्याला दोन वाणांत 500 मीटर, पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बियाणं करतात त्याला) 1000 मीटर अंतर लागतं. आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत एवढं मिळणं अवघड, म्हणून गोट (बियाण्यासाठी लावायचे कांदे) लावण्याआधी बांधालगतच्यांशी बोलून एकच वाण ठरवा. आणि दहा-वीस गोटांवर भागवू नका, निवडून शेकड्यांनी लावा. जवळच्या नात्यात बी धरलं की कांदा पुढच्या पिढ्यांत खुरटतो.