घरात रेडिओवर जळगाव आकाशवाणी नीट लागत नाही, लूप अँटेना घरी बनवता येतो का?

हो भाऊ, येतो, आणि आरामात येतो. लूप म्हणजे लाकडी चौकटीवर वायर गुंडाळून केलेला अँटेना. तुम्ही लिहिलंय की शिरपूरला घरात मीडियम वेव्हच्या ९६३ किलोहर्ट्झवर जळगाव लागतं पण खरखर इतकी असते की आबांना बातम्या समजत नाहीत, आणि तोच रेडिओ शेतात नेला की बरा चालतो. यातच निम्मं उत्तर आलंय बघा. रेडिओ चांगला आहे, जळगाव तुमच्यापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सिग्नल पण पोहोचतोय, फक्त घरातला करंटचा गोंगाट त्याच्यावर चढून बसतोय. त्यात स्लॅबचं घर असेल तर सळयांमुळे सिग्नल आत येईपर्यंत आणखी कमी होतो, पत्र्याच्या घरात पण तेच.

मोबाईल अ‍ॅपवर ऐका असं सांगणारे भेटतीलच, पण ज्या माणसाने आयुष्यभर बटण फिरवून रेडिओ ऐकलाय त्याला तो रेडिओच नीट लावून द्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि खर्च पण फार नाही.

लूप बनवायच्या आधी एक काम करा. रेडिओ सेलवर लावा आणि दोन मिनिटं घराचा मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. खरखर एकदम गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा, स्वस्तातले एलईडी बल्ब, सॉकेटमध्ये तसाच राहिलेला चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर, इन्व्हर्टर, यातलं कोणीतरी सापडतंच. मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येतेय, त्याचं खाली सांगतो.

आता लूप. सुताराकडून ८५ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या, मधोमध खाच पाडून अधिकच्या चिन्हासारख्या बसवा. चारही टोकांना सात-आठ सेंटिमीटरचा लाकडाचा तुकडा आडवा ठोका आणि त्याच्यावर हेक्सा ब्लेडने अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर १३ खाचा पाडा. या खाचांमधून वायर गुंडाळायची, १३ वेढे, एकाच दिशेने, प्रत्येक वेढा आपल्या खाचेत. म्हणजे ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन तयार होतो आणि वायर साधारण ३३ मीटर लागते. वायर कुठे मिळेल असं विचारलंय, अहो आपल्याकडे गावोगावी पाण्याच्या मोटारी भरणारे आहेत, रिवाइंडिंगवाल्याकडून २४ गेजची तांब्याची वाइंडिंग वायर घ्या, नाहीतर इलेक्ट्रिकच्या दुकानातली बारीक प्लास्टिकवाली वायर पण चालते. वाइंडिंग वायर घेतली तर टोकं पॉलिश पेपरने घासून तांबं लखलखीत दिसेपर्यंत साफ करा, वरचं इनॅमल राहिलं तर झाळणं धरत नाही आणि आपण उगाच सगळीकडे फॉल्ट शोधत बसतो.

दोन्ही टोकं गँगला जोडायची. गँग म्हणजे जुन्या रेडिओतला स्टेशन फिरवायचा कंडेन्सर, साधारण ३६५ पिकोफॅरडचा असला तर या वेढ्यांवर ५३१ पासून वरचा जवळजवळ पूर्ण बँड येतो. रेडिओ रिपेअरवाल्याकडे मोडक्या सेटमधला मागा. छोट्या ट्रान्झिस्टरचा प्लास्टिकवाला गँग मिळाला तर त्याचे एएमचे (म्हणजे मीडियम वेव्हचे) दोन्ही भाग एकत्र जोडा, तरी तो कमीच पडतो, मग खालची स्टेशनं येत नाहीत, त्यासाठी दोन-चार वेढे वाढवायचे. गँगच्या दांड्यावर बाटलीचं प्लास्टिकचं झाकण चिकटवा, हात धातूला लागला की ट्यूनिंग सरकतं.

झालं, याला बॅटरी नाही, करंट नाही, आणि रेडिओला एकही वायर जोडायची नाही. रेडिओच्या आत काळा फेराइट रॉड असतो, बहुतेक सेटमध्ये वरच्या बाजूला, लांबीत आडवा. तो रॉड चौकोनातून आरपार जायच्या दिशेत येईल असा रेडिओ लूपच्या मध्ये किंवा अगदी जवळ ठेवा. रेडिओ ९६३ वर लावा, मग गँग हळूहळू फिरवा, कमी कपॅसिटीच्या बाजूला कुठेतरी एका जागी आवाज एकदम उसळून येतो, ती जागा अगदी केसभर असते, पुढे गेलात की गेला, म्हणून घाई करू नका. रेडिओ फार चिकटवला आणि स्टेशन सरकल्यासारखं वाटलं तर चार बोटं लांब करा.

पण लोक इथेच थांबतात, आवाज वाढला की खूश. माझ्या मते लूपची खरी कमाई तो फिरवण्यात आहे. लूपची कड स्टेशनकडे असली की सगळ्यात जास्त सिग्नल, आणि चौकोनाचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडचं जवळजवळ बंद. शिरपूरहून जळगाव आग्नेयेला थोडं पूर्वेकडे, तर कड तिकडे करा. मग रेडिओ आणि लूप दोन्ही सोबत हळूहळू फिरवत जा आणि खरखर कुठे पडते ते ऐका. जळगाव थोडं कमी झालं तरी चालेल पण खरखर त्याच्यापेक्षा जास्त कमी झाली पाहिजे, तीच बरोबर जागा. लोखंडी कपाट, पलंग यांच्यापासून लांब, लाकडी टेबलावर किंवा ओट्यावर ठेवलात तर उत्तमच.

आणि एक गंमत बघा, तुमच्या गावाहून इंदूर ईशान्येला आणि मुंबई नैर्ऋत्येला, म्हणजे दोन्ही एकाच रेषेवर. जळगावच्या जागेवरून लूप काटकोनात फिरवला की एका कडेला ६४८ चं इंदूर, दुसऱ्या कडेला ५५८ ची मुंबई, आणि जोरदार जळगाव जवळपास दबून जातं. लांबची स्टेशनं मात्र रात्री शोधा. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीलगतच येते, वरचा सिग्नल आयनांबराचा (म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेचा) खालचा थर खाऊन टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लाटा वरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. आकाशवाणीने काही ठिकाणचे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केलेत, त्यामुळे एखादं नाही लागलं तर लूपला दोष देऊ नका.

बाहेरून येणाऱ्या खरखरीचं राहिलं. ठराविक लयीत, सेकंदाला एक अशी टक टक येत असेल तर ती शेताच्या कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या मशीनची समजा. तारेला गवत किंवा ओला फांदा टेकलाय तिथे ठिणगी पडते, तेवढं साफ केलं तरी बराच फरक पडतो. लूप फिरवून ती पूर्ण जात नाही, कारण तार लांबलचक पसरलेली असते आणि सगळीकडूनच गोंगाट फेकते. सतत चर्रर्र आवाज आणि पावसात कमी-जास्त होत असेल तर विजेच्या खांबावरची चिनीमातीची चिमणी (इन्सुलेटर) तडकलेली असू शकते, वायरमनला सांगा, स्वतः खांबाजवळ जाऊ नका. लूप छतावर पण चढवू नका, घरातच ठेवायची वस्तू आहे ती, आणि वीज कडाडत असेल तेव्हा रेडिओ बंदच ठेवा.

गँग कोणता मिळाला ते कमेंटमध्ये टाका, त्याप्रमाणे वेढे किती करायचे ते सांगतो.