सत्काराच्या बातमीत आईचा वाईट फोटो छापून आला, चूक फोटोग्राफरची की पेपरची?

तुम्ही लिहिलंय की आईच्या निवृत्तीच्या सत्काराच्या बातमीत पेपरने तिचा डोळे अर्धवट मिटलेला, तोंड वाकडं झालेला फोटो छापला, फोटोग्राफर म्हणतोय मी आठ-दहा फोटो पाठवले होते आणि पेपरवाले म्हणतात आलेल्यातलाच एक लावला. माझ्या मते जबाबदारी पेपरची. त्या आठ-दहांतून ज्याने तो एक उचलला त्याची. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर पानं लावली आहेत म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

फोटोग्राफरकडून वाईट फ्रेम येणारच हो. माणूस भाषण करत असतो तेव्हा चेहरा सतत हलत असतो, 'ओ' म्हणताना ओठ पुढे येतात, 'फ' म्हणताना खालचा ओठ दाताखाली जातो, मधेच पापणी खाली येत असते, आणि कॅमेरा त्यातला १/२०० सेकंदाचा तुकडा पकडून ठेवतो. समोर बसलेल्या कुणीच तो चेहरा पाहिलेला नसतो. त्यात स्टेजखाली उभं राहून काढला तर हनुवटी आणि नाकपुड्याच आधी दिसतात, वरून फोकस असेल तर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. हे माहीत असतं म्हणूनच तो एकाऐवजी दहा काढतो आणि दहा पाठवतो, की बाबांनो यातला बरा घ्या.

आता डेस्कवर काय होतं ते सांगतो. रात्री पान छपाईला सुटायची वेळ झालेली असते, वार्ताहराने व्हॉट्सॲपवर फोटो टाकलेले असतात, ऑपरेटर पहिला दिसेल तो उचलून चौकटीत बसवतो, उपसंपादक फोटोओळीतली नावं डावीकडून उजवीकडे बरोबर आहेत का बघतो आणि पान सोडतो. चेहरा मोठा करून कुणी बघतच नाही. घाई खरी असते, मी नाकारत नाही, पण त्या दहापैकी दुसरा फोटो लावायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही त्यामुळे ही सबब मला कधीच पटली नाही.

आणि हे फक्त माझं मत नाहीये. कुठल्याही पेपरात तळाशी बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशकांची नावं असतात ना, तिथे बऱ्याचदा संपादकाच्या नावापुढे पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार निवडीची जबाबदारी त्यांची असं लिहिलेलं सापडेल. १८६७ च्या त्या कायद्यात संपादक म्हणजे मजकुराच्या निवडीवर ज्याचं नियंत्रण आहे तो, अशीच व्याख्या होती. २०२३ ला नवा कायदा आला, पण म्हणून ही जबाबदारी काही फोटोग्राफरच्या गळ्यात पडलेली नाही.

फोटोग्राफर दोषी असतो तीही उदाहरणं आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत जिल ग्रीनबर्गने 'द अटलांटिक' मासिकासाठी जॉन मॅकेनचे फोटो काढले, तेव्हा ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. मासिकाला तिने साधा व्यवस्थित फोटो दिला आणि तोच कव्हरवर आला, पण त्याच शूटमध्ये तिने मॅकेनना कळू न देता खालून लाइट मारून भेसूर दिसणारे फोटोही काढून ठेवले होते, ते नंतर आणखी विद्रूप करून स्वतःच्या वेबसाइटवर टाकले. तिथे काढणारी तीच, फसवणारी तीच आणि प्रसिद्ध करणारीही तीच. मासिकाने माफी मागायची तयारी दाखवली ते त्यांच्या जागी योग्यच, पण दोष पूर्णपणे तिचा. याउलट २०११ मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकाने अमेरिकेतल्या राजकारणी मिशेल बाकमन यांचा डोळे विस्फारलेला फोटो कव्हरवर घेतला आणि शेजारी 'क्वीन ऑफ रेज', म्हणजे संतापाची राणी, असं छापलं. ते शब्द काही फोटोग्राफरचे नव्हते, फोटो आणि शब्द एकत्र आणले संपादकांनी, त्यामुळे त्यावरचे बोल त्यांनीच ऐकायचे.

वाईट दिसणारा प्रत्येक फोटो अन्याय असतो असंही मी म्हणणार नाही. १९६३ मध्ये आर्नोल्ड न्यूमन या अमेरिकन फोटोग्राफरने आल्फ्रीड क्रुप या जर्मन कारखानदाराचा फोटो काढला, दोन्ही बाजूंनी प्रकाश टाकून, त्याला जरा पुढे झुकायला सांगून, आणि तो सैतानासारखा दिसतो. क्रुपला नाझी काळात गुलाम मजूर राबवल्याबद्दल दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात शिक्षा झालेली होती, न्यूमन स्वतः ज्यू होता, आणि असा फोटो मुद्दाम काढला हे त्याने कधी लपवलं नाही. तो फोटो मला योग्य वाटतो. पण तुमच्या आईने काय केलंय? आयुष्यभर नोकरी करून सत्काराला उभी राहिली, तिच्या बाबतीत बरा चेहरा निवडणं एवढं तर पेपरचं कामच आहे.

त्या फोटोग्राफरशी भांडू नका, उलट त्याच्याकडून बाकीच्या सगळ्या फ्रेम मागून घ्या, व्हॉट्सॲपवर दाबलेल्या नकोत, मूळ साइजच्या. मग संपादकांना लेखी कळवा, वार्ताहराला तोंडी सांगून काही होत नाही. छापलेला अंक परत घेता येत नाही पण वेबसाइटवरचा फोटो बदलता येतो, त्यासाठी आग्रह धराच कारण नाव सर्च केलं की पुढची कित्येक वर्षं तोच वर येत राहतो. त्यांनी दादच दिली नाही आणि प्रेस कौन्सिलपर्यंत जायचं ठरवलंत तर हे आधी पाठवलेलं पत्र लागतंच, शिवाय दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांत तक्रार करावी लागते. पत्रासोबत कोणता फोटो जोडायचा ते मात्र तुम्ही परस्पर ठरवू नका, आईला दाखवा आणि तिला आवडेल तोच पाठवा.