जमीन काळी, तरीही सेंद्रिय कर्ब कमी का?

प्रश्न : आमची जमीन कृष्णाकाठची, काळीभोर आहे. तरीही माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) 0.38 टक्के आला आणि 'कमी' असा शेरा मिळाला. ऊस तुटल्यावर आम्ही पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवतो, पण एक वर्षाआड शेणखत घालतो. मग ह्यूमस, म्हणजे कुजून मातीत मुरलेले सेंद्रिय द्रव्य, जाते कुठे?
– एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : काळेपणावरून ह्यूमसचा अंदाज बांधू नये. आपल्याकडील काळा रंग बेसाल्टपासून झालेल्या चिकणमातीचा आणि तिच्या कणांना घट्ट चिकटलेल्या अल्प सेंद्रिय द्रव्याचा असतो. सेंद्रिय कर्बाला 1.724 ने गुणले की सेंद्रिय द्रव्याचा अंदाज मिळतो. तो आपल्या शेतात 0.65 टक्के येतो, म्हणजे एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात, सुमारे आठ लाख किलो मातीत, जेमतेम पाच टन.

हा साठा सतत खर्च होतो. उष्ण हवा, बारमाही ओल आणि रोटाव्हेटरची वारंवार पाळी यांमुळे जिवाणूंना तो झपाट्याने खाता येतो. शेणखताचेही तेच होते. त्यातून ते आठवडेच्या आठवडे ढिगाऱ्यात उन्हात पडले, तर शेतात पसरण्याआधीच त्यातील बराच नत्र (नायट्रोजन) उडून गेलेला असतो. मात्र सर्वांत मोठी गळती पाचट पेटवण्याने होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) बहुतांशी राखेत उरतात. कर्ब, नत्र आणि बरेचसे गंधक धुरावाटे जाते.

एकरी चार टन पाचट धरले, तर त्यात दीड टनाहून अधिक कर्ब असतो. कुजताना पहिल्याच वर्षी त्यातला दोनतृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, पण त्याच शिदोरीवर जिवाणू आणि गांडुळे जगतात व उरलेला भाग चिकणमातीला धरून टिकतो. पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फारच थोडा असल्याने कुजवणारे जिवाणू तो मातीतून ओढतात आणि खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले पुढचे पीक, पिवळा पडतो. म्हणून बुडखे जमिनीलगत छाटून, पाचट सरीत दाबून, दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकावे व पाणी द्यावे.

भारी जमिनीत पाणी धरण्याचे काम चिकणमातीच करते. ह्यूमसचे मोल तिथे मुख्यतः मातीचे कण रवाळ बांधण्यात आहे. गवत असलेल्या बांधावरचे आणि सरीतले एकेक वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातील पाण्यात अलगद सोडून पाहावे. बांधावरचे बराच वेळ अखंड राहते, सरीतले बहुधा लगेच विरघळून पाणी गढूळ करते. जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट) झाली असेल, तर मात्र निचऱ्याची सोय आधी करावी. नुसत्या सेंद्रिय खताने सोडियम हटत नाही.

पुढचा नमुना खोडवा तुटल्यावर, त्याच जागेवरून आणि तेवढ्याच खोलीवरून घ्यावा. 0.02 टक्क्यांच्या फरकाला वाढ किंवा घट मानू नये, कारण एकाच शेतातील दोन नमुन्यांतही तेवढा फरक सहज पडतो.