पाय हलत नाहीत तेव्हा

प्रिय बाळ,

तू आठवडाभर जिम्नॅस्टिक्सला गेली नाहीस, पोटात दुखतंय म्हणतेस, असं आईने काल फोनवर सांगितलं. खरंच दुखत असणार. भीती वाटली की माझंही पोटच दुखायचं.

मी बारा वर्षांची असताना बीमच्या अरुंद पट्टीवर फ्लिक, म्हणजे हातांवरून मागे उलटी उडी, मारताना माझा हात निसटला आणि मांडी चांगलीच सोलवटली. जखम लवकर भरली, पण नंतर बीमवर हात वर केले की पाय हलायचेच नाहीत. सरांना सांगायची लाज वाटायची, म्हणून दोन महिने मी घोटा दुखतो असं सांगत राहिले. त्या दोन महिन्यांची हळहळ अजून वाटते. खरं सांगितलं असतं, तर सरांनी मला त्याच दिवशी खालच्या बीमवर आणलं असतं.

या वर्षात तू केवढी उंच झालीस! हातपाय लांब झाले की तीच फ्लिक परकी वाटते. कधी उडी घ्यायची, हात कुठे टेकणार, हा अंगवळणी पडलेला अंदाज चुकतो. बीम तेवढाच आहे, 10 सेंटिमीटर रुंद. अंग मात्र नवं आहे. त्याला पुन्हा शिकवावं लागतं. आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवर, मग खालच्या बीमवर, मग उंच बीमवर, शेजारी मॅट रचून आणि सरांचा हात पाठीला लावून. एक पायरी अगदी कंटाळा येईल इतकी सोपी झाली, की मगच पुढची. मधेच खाली यावंसं वाटलं तर खुशाल ये.

2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेत आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं. व्हॉल्टच्या उडीत अडीच गिरक्यांच्या जागी दीडच झाली, आणि ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. आठवड्याने ती बीमवर आली, तेव्हा शेवटची उडी तिने बिनगिरकीची निवडली. कांस्यपदक मिळालं. पॅरिसला, 2024 मध्ये, तीन सुवर्णपदकं.

कुणी ‘घाबरतेस काय’ म्हणून घाई केली, तर ‘मला आज सपोर्ट हवाय’ हे मोठ्याने म्हण. मनगट किंवा पाठ दुखत असेल तर तेही लगेच सांग.

सोडायचं का, हे पडल्याच्या दिवशी ठरवू नकोस. बार्सवर मनासारखं झालं, त्या दिवशी घरी येऊन स्वतःला विचार: भीती नसती तर उद्या जावंसं वाटलं असतं का? हो आलं, तर भीतीवर इलाज आहे. पुन्हा पुन्हा विचारूनही नाहीच आलं, तर सोड. भरलेल्या फीचं ओझं मनावर घेऊ नकोस, आईशी मी बोलेन. तू माझी तितकीच लाडकी राहशील.

सोमवारी साडेपाचला मी हॉलवर येतेय. उंच बीमकडे जायचंच नाही. खडू माझ्याकडे आहे. रेघ आपण दोघी मिळून आखू.

तुझी,
ताई