मधातला पेरूचा जॅम

प्रश्न : साखरेऐवजी तेवढाच मध घालून पेरूचा जॅम केला. तो पातळ राहिला आणि बाहेर ठेवल्यावर आठवड्यातच त्यावर बुरशी आली. काय चुकले असावे? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ज्या इंदुरात पेरूलाच ‘जाम’ म्हणतात, तिथे जामचा जॅम बिघडावा हे खरेच वाईट! मधात सुमारे १८ टक्के पाणी असल्यामुळे साखरेच्या अंदाजाने आटवलेला जॅम सैल राहतो, आणि फळातले पाणी पुरेसे आटले नाही की बुरशीला वाव मिळतो. पेरू सालीबियांसकट शिजवून गाळावेत, कारण जॅम घट्ट करणारे पेक्टिन त्यांतही भरपूर असते. एक किलो गरात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून तो आधी चांगला आटवावा, मगच सुमारे ६०० ग्रॅम मध घालावा. मध लवकर करपतो, म्हणून आच मंद हवी. थंड बशीवर टाकलेला थेंब पसरला नाही, की जॅम झाला. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरणीत भरून तो फ्रिजमध्येच ठेवावा आणि तीन आठवड्यांत संपवावा. मात्र मधुमेहींनी याला पथ्याचा पदार्थ समजू नये, आणि वर्षाच्या आतील बाळाला तो मुळीच देऊ नये.