रोममध्ये सिलिॲक असलेल्या मुलीला पिझ्झा खाता येईल का?

तुम्ही विचारलंय की नऊ वर्षांच्या लेकीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार, रोम आणि फ्लॉरेन्सला आठ दिवस जाताय, आणि तिला तिथे पिझ्झा खायचाच आहे, तर धोका पत्करावा का. मला स्वतःला सिलिॲक आहे, निदान होऊन अकरा वर्षं झाली. खुशाल खाऊ द्या. पुण्यात बाहेर खाताना मला जेवढी धास्ती वाटते, तेवढी इटलीत वाटत नाही. फक्त पीठ कसलं एवढंच विचारून थांबू नका, पिझ्झा कुठे आणि कशावर भाजणार तेही विचारा.

हे मी ठेच लागून शिकले. पहिल्या खेपेला रोममधल्या एका पिझ्झेरियाच्या मेनूवर 'सेन्त्सा ग्लूतिने', म्हणजे ग्लूटेनशिवाय, असं दिसलं आणि मी हरखून गेले. बेस खरंच वेगळा होता. पण काउंटरपाशी उभी होते तेव्हा बघितलं, पिझ्झा करणाऱ्याचे हात मनगटापर्यंत मैद्याने पांढरे, तेच हात चीजच्या डब्यात, आणि माझा पिझ्झा सगळ्यांच्याच फळीवरून सगळ्यांच्याच भट्टीत गेला. भट्टीच्या फरशीवर आधीच्या पिझ्झांचं पीठ काळं पडलेलं दिसत होतं. एवढ्या धगीत काय उरतंय, असं मनाशी म्हणून मी खाल्लं. भट्टीच्या धगीने ग्लूटेन जात नाही. रात्री दोनपासून उलट्या, आणि पुढचे तीन दिवस हॉटेलच्या खोलीत.

तेव्हापासून मी इटलीतल्या सिलिॲक संघटनेची यादी बघितल्याशिवाय कुठे बसत नाही. 'असोचियात्सियोने इतालियाना चेलियाकिया', सगळे 'एआयसी' म्हणतात. 1979 पासून काम करते. ती हॉटेलवाल्यांना प्रशिक्षण देते, स्वयंपाकघर तपासते आणि मगच यादीत घेते. त्यांच्या ॲपवर जवळची ठिकाणं नकाशात दिसतात. परदेशी पर्यटकांना थोडे पैसे भरून काही दिवसांपुरतं ते वापरता येतं. निघण्याआधीच घ्या. रोममध्ये त्रास्तेवेरे भागातलं 'मामा ईट' आणि फ्लॉरेन्समध्ये सान लोरेन्सोजवळचं 'चिरो अँड सन्स' ही नावं सिलिॲकवाल्यांमध्ये बरीच घेतली जातात, पण जायच्या दिवशी ॲपवर पुन्हा बघा आणि टेबल आधी राखून ठेवा.

बसल्यावर पहिलं वाक्य हे: 'मिया फिल्या ए चेलियाका', माझी मुलगी सिलिॲक आहे. 'ग्लूटेन नको' म्हटलं की आवडीनिवडीची गोष्ट वाटते; 'चेलियाका' म्हटलं की तिथले वेटर सावध होतात, कारण हा आजार तिथे घरोघरी माहीत आहे. 2005 च्या कायद्याने शाळा-इस्पितळांच्या खानावळींतसुद्धा मागितल्यास ग्लूटेनमुक्त जेवण द्यावंच लागतं. मग विचारा, 'फोर्नो सेपारातो?', भट्टी वेगळी आहे का? सॉसचा डाव, चीज, कापायची चकती यांचंही विचारा. उत्तर देताना वेटर चाचरला तर उठा. लेक हिरमुसेल, पण उठा.

एका गोष्टीने तुम्ही दचकाल, म्हणून आधीच सांगते. तिथल्या बऱ्याच ग्लूटेनमुक्त पिठांत गव्हाचा स्टार्च असतो, 'अमिदो दि फ्रुमेन्तो देग्लूतिनातो'. त्यातलं ग्लूटेन काढून टाकलेलं असतं. युरोपात 'ग्लूटेनमुक्त' लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, एफएसएसएआयचीही तीच. सिलिॲकला हे चालतं, आणि पिझ्झाला ती खरी लुसलुशीत कड त्यामुळेच येते. पण मुलीला गव्हाची ॲलर्जीही असेल तर अजिबात देऊ नका.

सोबत राजगिऱ्याच्या वड्या आणि ज्वारीच्या लाह्या ठेवा, कारण रेल्वे उशिरा पोचली की यादीतलं हॉटेल बंद झालेलं असतं. घरची चटणी-मसाले नेणार असाल तर हिंग बघून घ्या, आपल्याकडच्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो. तिथे ब्रेड संपला तर 'फार्माचिया'त, म्हणजे औषधाच्या दुकानातही, ग्लूटेनमुक्त ब्रेड-बिस्किटं मिळतात.

आणि पिझ्झानंतर ती जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, मागणारच. कोनात नको, 'कोप्पेत्ता' म्हणजे कपात घ्या, आणि चमचा धुऊन, नव्या उघडलेल्या डब्यातून वाढायला सांगा. मी दर वेळी सांगते आणि आजवर कुणी कुरकुर केलेली नाही.