चुंबकाला हात लावण्याआधी पाणी तपासा

द्रवात स्वतःच्या जोरावर पोहणारे आणि चुंबकाने वळवता येणारे सूक्ष्म कण पुढे सरकत नाहीत, ही तुमची पोस्ट वाचली आणि पीएचडीचं तिसरं वर्ष आठवलं. २ मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे मणी, अर्ध्या अंगावर निकेल आणि वर प्लॅटिनम, इंधन म्हणून पाण्यात १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. चुंबकीय क्षेत्र देणारी कॉइल लावली की निमूट वळतात, पण पुढे सरकत नाहीत, आणि गाइड म्हणतात पेरॉक्साइड वाढवा. माझंही अगदी असंच झालं होतं.

पेरॉक्साइड वाढवू नका. ऑक्सिजनचे बुडबुडे धरतील, सेलमध्ये, म्हणजे नमुन्याच्या बंद कप्प्यात, प्रवाह सुरू होईल आणि कण वाहत चाललाय की स्वतः चाललाय हेच कळेनासं होईल. ट्रॅकिंग (व्हिडिओतून कणाचा माग काढणं) आणि एमएसडी (ठरावीक वेळात कण किती दूर जातो त्याच्या वर्गाची सरासरी) तुम्हाला येतं असं धरते.

कॉइलचं एकसारखं क्षेत्र कणाला फक्त वळवतं. ढकलायचं काम प्लॅटिनमचं: त्याच्यावर पेरॉक्साइडचं विघटन होतं आणि त्यातून कणाला जोर मिळतो. म्हणजे दिशा मिळतेय आणि वेग नाही, तर खोट रसायनात आहे. हे मला कळायला चार महिने लागले. तेवढ्या काळात मी कॉइल बदलली, थराची जाडी बदलली, दोनदा नवे कण केले.

खोट पाण्यात होती. आमच्याकडे शुद्ध पाणी सामायिक यंत्रावरून कॅनमध्ये भरून मिळायचं. यंत्राच्या दारावर १८.२ मेगाओमचा, म्हणजे अतिशुद्ध पाण्याचा, स्टिकर. मी तीनदा विचारलं, तीनदा उत्तर मिळालं, "मशीन चालू आहे." पाणी शुद्ध करणाऱ्या कार्ट्रिजची मुदत केव्हाच संपली होती, खरेदीची फाइल सहीसाठी पडून होती, आणि हे कुणी सांगितलं नाही. याचा राग अजून जात नाही. शेवटी शेजारच्या लॅबमधून कंडक्टिव्हिटी मीटर (पाणी वीज किती वाहून नेतं, म्हणजे त्यात क्षार किती, हे दाखवणारा) आणून कॅनमध्ये बुडवला: सेंटीमीटरला ६० मायक्रोसीमेन्स. ताजं शुद्ध पाणी ०.०५५ असतं, हवा लागून १ च्या आसपास जातं. पण ६० म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमोलार मीठ! प्लॅटिनमवाले कण एवढ्या क्षारानेही मंदावतात. २०१४ मध्ये ब्राउन आणि पून या संशोधकांनी हे एका पेपरमध्ये नीट दाखवलंय. मी तो पेपर वाचला होता, पण मुद्दाम मीठ घालणाऱ्यांसाठी आहे असं समजून बाजूला ठेवला. चूक माझीच.

दुसऱ्या ठिकाणचं ताजं पाणी आणलं, तेच कण त्यात धुतले. त्या संध्याकाळी स्क्रीनवर काळपट टोपी मागे ठेवून मणी सरळ रेषेत निघाला. सेकंदाला ९-१० मायक्रॉन. कॉइल फिरवली, तोही वळला.

पेरॉक्साइडची बाटलीही बघा. पुष्कळ बाटल्यांत टिकाऊपणासाठी स्टॅनेट किंवा फॉस्फेट घालतात, म्हणजे क्षारांसारखे तेही आयनच (विद्युतभार असलेले कण). स्टॅबिलायझर नसलेली मागवा, फ्रिजमध्ये ठेवा, झाकण हवाबंद करू नका. मण्यांच्या मूळ बाटलीतला सर्फॅक्टंटही (साबणासारखा पदार्थ) धुऊन काढा.

आणि पेरॉक्साइडमध्ये कोरे, म्हणजे धातूचा थर नसलेले, मणी सोडून बघाच. तेही एकाच दिशेने जात असतील तर तो प्रवाह. कॉइल बंद असताना, पाण्याच्या रेणूंचे धक्के खाऊन, २ मायक्रॉनच्या कणाने साधारण ५-६ सेकंदांत आपली दिशा विसरायला हवी. फार जास्त वेळ लागला तर काचेला चिकटलाय का ते पाहा.

माझा अनुभव प्लॅटिनम-पॉलिस्टायरीनपुरताच आहे. निळ्या प्रकाशावर चालणाऱ्या हेमॅटाइटच्या (लोहाच्या ऑक्साइडच्या) कणांना हे जसंच्या तसं लावू नका, आणि तुमचा दोष पाण्यातच असेल असंही छातीठोक सांगत नाही. पण मीटर बुडवायला दोन मिनिटं लागतात. कॅनचा, पेरॉक्साइड पातळ केल्यानंतरचा आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा, असे तीन आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.